ऐतिहासिक थरारपट किती खरा? पाहण्याची, तपासण्याची आणि प्रतिसाद लिहिण्याची रीत

ऐतिहासिक थरारपट पाहून आलेला प्रेक्षक बहुतेक वेळा दोनांपैकी एक गोष्ट लिहितो. एक, "अंगावर काटा आला, प्रत्येकाने पाहावा." दुसरी, "इतिहासाची पार वाट लावली." दोन्हींमागची भावना खरी असते. पण ज्याने चित्रपट अजून पाहिलेला नाही, किंवा जो पाहून मनात शंका घेऊन बसला आहे, त्याच्या हाती यातून काहीच लागत नाही. प्रत्यक्षात काय घडलं होतं, पडद्यावर काय बदललं आणि त्या बदलामुळे कुणाचं श्रेय गेलं किंवा कुणावर आळ आला, हे सांगणारा प्रतिसाद लोकांच्या उपयोगी पडतो. तो लिहायला इतिहासाची पदवी लागत नाही. चित्रपट दोनदा पाहायची तयारी, एक वही आणि दोन-तीन निवांत संध्याकाळी पुरतात.

थरारपटाची तपासणी चरित्रपटापेक्षा वेगळी करावी लागते. थरारपटाचा सगळा जीव "आता काय होणार" या प्रश्नात असतो, आणि इतिहासातला शेवट तर प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतो. २० जुलै १९४४ च्या स्फोटातून हिटलर वाचला हे माहीत असूनही प्रेक्षकाने श्वास रोखून बसावं, हे पटकथाकाराचं काम. मग तो ताण दुसरीकडून आणतो: घड्याळातून, योगायोगातून, पाठलागातून. बदल कुठे सापडतील याचा अंदाज यावरूनच बांधता येतो आणि तपासणीचे निम्मे कष्ट वाचतात.

पहिल्यांदा नुसता पाहा, पण सुरुवात आणि शेवट उतरवून घ्या

पहिल्या वेळी वही बाजूला ठेवा. चुका शोधत पाहिलं की चित्रपटाचा परिणाम कळत नाही, आणि परिणाम कळल्याशिवाय एखादी चूक किती खोल गेली हेही कळत नाही. कोणत्या प्रसंगात कुणाचा राग आला, कुणाबद्दल आदर वाटला, कुणाला तुम्ही मनातल्या मनात दोषी ठरवलं, हे चित्रपट संपल्यावर लगेच चार ओळींत लिहून ठेवा. पुढे याच चार ओळी सर्वांत जास्त कामाला येतात.

दोन गोष्टी मात्र पहिल्याच वेळी शब्दशः उतरवा. पहिली म्हणजे सुरुवातीची सूचना. "सत्य घटनेवर आधारित", "सत्य घटनांनी प्रेरित" आणि "पात्रे व प्रसंग काल्पनिक" हे तीन वेगवेगळे दावे आहेत. "आधारित" म्हणजे अमुक टक्के खरं असं कुठलंही ठरलेलं माप नाही. तरीही निर्मात्याने स्वतः काय कबूल केलं आणि काय मिरवलं, हे प्रतिसादात सांगता आलं पाहिजे. ज्याने आधीच काल्पनिक म्हटलं आहे त्याला "तुम्ही खोटं दाखवलं" म्हणण्यात अर्थ नसतो. पण तोच निर्माता जाहिरातीत "दडवलेलं सत्य" म्हणत असेल तर ती विसंगती जरूर दाखवावी.

दुसरी गोष्ट म्हणजे शेवटच्या पाट्या. चित्रपटात जे मोडून-तोडून दाखवलेलं असतं, ते या पाट्यांवर कधी कधी नीट लिहिलेलं असतं. 'यू-५७१' (२०००) या चित्रपटात अमेरिकी नौसैनिक जर्मन पाणबुडीवरून एनिग्मा, म्हणजे जर्मनांचं सांकेतिक संदेश बनवणारं यंत्र, हस्तगत करतात. प्रत्यक्षात ९ मे १९४१ रोजी यू-११० या पाणबुडीवरून यंत्र आणि सांकेतिक पुस्तकं आणली ती 'एचएमएस बुलडॉग' या ब्रिटिश युद्धनौकेच्या खलाशांनी. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. चित्रपटाच्या शेवटच्या पाटीवर बुलडॉगचा उल्लेख येतो, पण तोवर प्रेक्षक उठलेला असतो. प्रतिसादात दोन्ही गोष्टी लिहायच्या: पडद्यावर काय दाखवलं आणि पाटीवर काय मान्य केलं.

आवृत्तीचीही नोंद ठेवा: मूळ भाषा की डबिंग, चित्रपटगृहातली लांबी की दिग्दर्शकाची वाढीव आवृत्ती. डबिंगमध्ये हुद्दे, अंतरं आणि तारखा सर्रास बदलतात. भाषांतरकाराने मैलांचे किलोमीटर करताना आकडा तसाच ठेवला तर ती चूक पटकथेच्या माथी मारू नका. मिनिटांचे आकडे देतानाही आवृत्ती लागते. पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या जुन्या डीव्हीडीवर चित्रपट सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी चालतो. त्यामुळे दोन तासांचा चित्रपट जवळपास पाच मिनिटं आधी संपतो, आणि "१ तास ४० मिनिटांवर पाहा" असं लिहिलेलं दुसऱ्याला तिथे सापडतच नाही.

दुसऱ्यांदा पाहताना: वहीत चार रकाने

आता वही घ्या. रकाने चार: वेळ, काय दाखवलं, दाव्याचा प्रकार, शंका. "काय दाखवलं" मध्ये मत घालू नका. "अधिकारी कागद जाळतो" एवढंच लिहा, "अधिकारी पुरावा नष्ट करतो" असं नको. कागद कसले होते हे पटकथेने सांगितलं नसेल तर तो निष्कर्ष तुमचा असतो.

प्रकार पाच धरावेत: घटना, व्यक्ती, वेळ, वस्तू आणि कारण. पहिल्या चारांच्या चुका पकडणं सोपं असल्यामुळे बहुतेक प्रतिसाद तिथेच संपतात. पाचवा प्रकार अवघड आहे आणि त्याचंच मोल सर्वांत जास्त. "त्याने फितुरी का केली", "हल्ला का फसला", "सरकारने उशीर का केला" अशा कारणांबद्दल चित्रपट जे सुचवतो तेच प्रेक्षकाच्या डोक्यात वर्षानुवर्षं राहतं. कारण संवादातून येतंच असं नाही. एखादा चेहरा नेमक्या क्षणी दाखवला, संगीत बदललं, की आरोप होऊन जातो. अशी नोंद करताना वेळेच्या रकान्यात सुरुवात आणि शेवट दोन्ही लिहा, म्हणजे जोडणी कशी केली आहे ते दाखवता येतं.

अडीच तासांच्या चित्रपटात पंचवीस-तीस नोंदी सहज होतात. सगळ्या तपासू नका. कथा ज्यांच्यावर उभी आहे अशा आठ-दहा निवडा. ती गोष्ट काढली तर कथा कोसळते का, एवढाच प्रश्न विचारला की निवड होते.

थरारपट कुठे वाकतो

सर्वांत आधी शेवटचा अर्धा तास तपासा. इतिहासातल्या यशस्वी मोहिमा बहुधा शांतपणे पार पडलेल्या असतात, कारण आखणी नीट होती. पडद्यावर मात्र शांतता चालत नाही. तेहरानमधून जानेवारी १९८० मध्ये सहा अमेरिकी राजनैतिक कर्मचारी बनावट ओळखीने विमानात बसले आणि निघून गेले. तांत्रिक बिघाडामुळे विमानाला थोडा उशीर झाला, एवढाच काय तो खोळंबा. 'आर्गो' (२०१२) मध्ये याच जागी ऐनवेळी रद्द होऊन पुन्हा मिळालेली तिकिटं आहेत, विमानतळावरची चौकशी आहे आणि धावपट्टीवर विमानामागे लागलेल्या सशस्त्र गाड्या आहेत. हे सगळं रचलेलं आहे.

त्याच चित्रपटात एक उलटी गोष्टही आहे. खोट्या चित्रपटासाठी हॉलिवूडमध्ये खरं कार्यालय थाटणं, चित्रपटव्यवसायाच्या नियतकालिकांत त्याची जाहिरात छापणं हे ऐकायला अशक्य वाटतं, पण ते घडलेलं आहे. थरारपट तपासताना हे कायम ध्यानात ठेवा: विचित्र तपशील पुष्कळदा खरे निघतात आणि गुळगुळीत, अगदी वेळेवर घडणारे तपशील रचलेले असतात. "असं कुठं असतं का" हा पुरावा नव्हे. हिटलरवरच्या हल्ल्यातही तसंच. बॉम्ब ठेवणारा जर्मन अधिकारी स्टाउफेनबर्ग याचा डावा डोळा, उजवा हात आणि डाव्या हाताची दोन बोटं आधीच गेली होती. उरलेल्या तीन बोटांनी त्याने स्फोटक सज्ज केलं, आणि घाईत दोनांपैकी एकच होऊ शकलं. बॉम्बची बॅग टेबलाच्या जाड आधारापलीकडे सरकवली गेली. ती सरकवणारे म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं ते कर्नल ब्रांट स्वतः त्या स्फोटातल्या जखमांनी मेले. पटकथेत कुणी असा योगायोग लिहिला असता तर प्रेक्षकांनी त्याला फिल्मी म्हटलं असतं.

दुसरी जागा म्हणजे माणसांची बेरीज. बारा जणांचं काम एका पात्राला देणं हे चित्रपटात अटळ आहे आणि बऱ्याचदा क्षम्यही. पण कुणाची नावं पुसली गेली ते पाहा. 'द इमिटेशन गेम' (२०१४) पाहून एनिग्मा एकट्या ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञाने फोडला असं वाटतं. प्रत्यक्षात पोलंडच्या गणितज्ञांनी १९३० च्या दशकातच एनिग्माचे संदेश फोडले होते, आणि जुलै १९३९ मध्ये आपलं सगळं काम ब्रिटिश व फ्रेंचांच्या हवाली केलं होतं. चित्रपटातला सोव्हिएत हेर ट्युरिंगला धमकावतो आणि ट्युरिंग गप्प बसतो, हा भागही कल्पित आहे. या दोन बदलांची जात मात्र एक नाही. पहिल्यात श्रेय कमी झालं. दुसऱ्यात तर एका खऱ्या माणसावर, त्याने न केलेल्या, देशद्रोह लपवण्याच्या कृत्याचा डाग पडला.

तिसरी जागा खऱ्या चित्रफितींची सरमिसळ. 'जेएफके' (१९९१) मध्ये केनेडींच्या हत्येची खरी, झाप्रुडर या प्रत्यक्षदर्शीने टिपलेली २६ सेकंदांची फीत आणि नव्याने चित्रित केलेली कृष्णधवल दृश्यं इतकी बेमालूम जोडली आहेत की सांधा दिसत नाही. अशा चित्रपटात प्रत्येक जुनाट दिसणाऱ्या दृश्यापुढे "मूळ की नवं" असा प्रश्न लिहावा. त्यातल्या न्यायालयीन प्रसंगात एकाच गोळीने दोघांना जखमा होणं कसं अशक्य, ते दाखवलं आहे. त्यासाठी राष्ट्राध्यक्ष आणि गव्हर्नर कॉनली सरळ एकामागे एक, समान उंचीवर बसवले आहेत. खऱ्या मोटारीत कॉनलींचं आसन खाली आणि थोडं आतल्या बाजूला होतं, त्यामुळे गोळीचा मार्ग हवेत वळण्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणजे पडद्यावर प्रात्यक्षिक चालू असेल तेव्हा त्यातली मांडणीच तपासायची असते.

तारखा: इथे घाई केली की प्रतिसाद उलटतो

प्रेक्षक सर्वांत जास्त चुका पकडतो तारखांच्या, आणि सर्वांत जास्त चुका करतोही तारखांच्याच. आधी दिनदर्शिका कोणती ते ठरवा. इंग्लंडने नवी म्हणजे ग्रेगोरियन पद्धत १७५२ मध्ये स्वीकारली. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. रशियाने ती १९१८ मध्ये घेतली, म्हणूनच तिथली 'ऑक्टोबर क्रांती' नव्या पद्धतीने ७ नोव्हेंबरला येते. सतराव्या शतकात दोन पद्धतींत दहा दिवसांचं अंतर आहे. मराठेशाहीच्या त्या काळातल्या ज्या इंग्रजी तारखा आपण पाठ केलेल्या असतात त्या जुन्या, ज्युलियन पद्धतीच्या आहेत. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख नव्या पद्धतीने १ मार्च होते. चित्रपटात दहा दिवसांचा फरक दिसला तर आधी ही शक्यता तपासा, मग चूक म्हणा.

शक वरून इसवी सन काढताना ७८ मिळवतात, पण जानेवारीपासून वर्षप्रतिपदेपर्यंतच्या दिवसांसाठी ७९. वद्य पक्षातला महिना आणखी फसवतो. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला, म्हणून आपली श्रावण वद्य द्वादशी ही उत्तरेकडे भाद्रपद कृष्ण द्वादशी असते. राजस्थानी पत्र आणि मराठी बखर यांत महिन्याचं नाव वेगळं दिसलं म्हणून दोघांपैकी एक खोटा ठरत नाही. हिजरी तारीख सूर्यास्ताला बदलते, मध्यरात्री नव्हे. रात्रीच्या घटनेत एका दिवसाचा फरक येतो तो यामुळे.

तिथीचा मोठा फायदा असा की ती चंद्र सांगते, आणि थरारपटात तर अर्धी घालमेल रात्रीची असते. शायिस्ताखानावरचा छापा ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीचा, चैत्र शुद्ध अष्टमीचा. शुद्ध अष्टमीचा अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो, म्हणजे मध्यरात्रीनंतरच्या दृश्यात लख्ख चांदणं असू नये. आग्र्याहून सुटका १७ ऑगस्ट १६६६ ची, श्रावण वद्य द्वादशीची. त्या रात्री चंद्र पहाटे तीनच्या आसपास उगवतो, तोवर काळोख, शिवाय पावसाळ्याचे दिवस. या प्रसंगांवरच्या कोणत्याही दृश्यात पूर्ण चंद्र टांगलेला दिसला तर बेधडक लिहा. एवढं मात्र ओळखा की दिव्यांची सोय म्हणून छायाचित्रकार रात्र निळसर उजळ ठेवतो. तो संकेत आहे, चूक नव्हे. चौकटीत दिसणारा पूर्ण चंद्र ही चूक.

घड्याळाच्या वेळेबद्दल एकच सांगतो. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आली. त्याआधी मुंबईची स्थानिक वेळ आजच्या प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे होती आणि आगगाड्या मद्रास वेळेवर धावत. तार कधी सुटली, गाडी कधी पोचली यावर कट बेतलेला असेल तर कागदपत्रातली वेळ कोणती ते पाहिल्याशिवाय "वीस मिनिटांत हे शक्यच नाही" असं लिहू नका.

वस्तू: थोडक्यात, पण नेमकं

हत्यारं, दिवे आणि पोलिसी तपासाची साधनं, एवढ्यांवर लक्ष ठेवलं तरी पुरतं, कारण थरारपटाची कथा यांच्यावरच चालते. तोड्याच्या बंदुकीला जळती वात लागते. ती अंधारात दिसते, वास मारते, पावसात विझते, म्हणून अशी बंदूक घेऊन तासन्‌तास दबा धरून बसणं सोपं नसतं. एकदा झाडली की पुन्हा भरायला अर्धा मिनिट तरी जातं. रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या मोजा, बहुतेकांत सहा असतात. धूररहित दारू फ्रान्समध्ये १८८४ मध्ये बनली. त्याआधीच्या प्रत्येक बारानंतर पांढऱ्या धुराचा लोट उठला पाहिजे आणि दुसरा नेम धुरातूनच धरला गेला पाहिजे. बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या नळीचं एकस्व (पेटंट) अमेरिकी संशोधक मॅक्सिम यांनी १९०९ मध्ये घेतलं, आणि ती नळी साध्या रिव्हॉल्व्हरवर जवळजवळ कुचकामी ठरते, कारण आवाज चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतूनही बाहेर पडतो.

बोटांच्या ठशांवरून गुन्हेगार ओळखणारं पहिलं कार्यालय कलकत्त्यात १८९७ मध्ये सुरू झालं. त्याच्या मागे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं गणिती डोकं होतं. लंडनच्या पोलिसांनी ती पद्धत १९०१ मध्ये घेतली. म्हणजे १८८० च्या दशकातला फौजदार पेल्यावरचे ठसे मिळवून आरोपी शोधत असेल तर कथेचा सांधाच निखळतो. अमेरिकी झेंड्यावरचे तारे मोजायचे असतील तर १९१२ पासून ४८, १९५९ मध्ये ४९ आणि ४ जुलै १९६० पासून ५०.

वस्तूंची चूक सापडली की फार आनंद होतो. तो आवरा. बटण, मिशीचा आकार, चुकीच्या सालातली मोटार यांना प्रतिसादात दोन ओळींपेक्षा जास्त जागा देऊ नका. ज्या वस्तूवर कथेतला निर्णय अवलंबून आहे तिलाच जागा द्या.

कशाशी ताडून पाहायचं

ज्या कादंबरीवरून चित्रपट घेतला तिच्याशी ताडून पाहिलं की सगळं जुळतं आणि समाधान होतं, पण इतिहासाशी काहीच जुळवलेलं नसतं. चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी निघालेले लेख, कलाकारांच्या मुलाखती आणि चित्रपट आल्यानंतर बदललेली विश्वकोशातली पानं यांचंही तसंच. शक्यतो चित्रपट जाहीर होण्याआधी छापलेलं साधन घ्या.

साधनाला तीन प्रश्न विचारा: लिहिणारा तिथे होता का, घटनेनंतर किती दिवसांनी लिहिलं, आणि असं लिहिण्यात त्याचा काय फायदा होता. त्या आठवड्यातलं पत्र बहुधा तीस वर्षांनंतरच्या आठवणींपेक्षा भरवशाचं. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीत लिहिली गेली. ती शिवकाळाला जवळची, म्हणून वजनदार, पण स्मरणावर बेतलेली, म्हणून तारखांसाठी कच्ची. शंभर वर्षांनंतरच्या बखरीतला संवाद पडद्यावर आला तर "समकालीन आधार नाही" एवढंच म्हणता येतं, "खोटा" म्हणता येत नाही.

खटल्याची कागदपत्रं थरारपटासाठी सोन्यासारखी, पण ती वाचण्याची एक रीत आहे. कोठडीतला कबुलीजबाब, न्यायालयातली साक्ष आणि निकालपत्र ही तीन वेगळी साधनं मानायची. कोठडीत माणूस साथीदारांना वाचवायला खोटं बोलतो आणि मारामुळेही बोलतो. पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. या प्रकरणात खटल्याचे कागद आहेत, वृत्तपत्रं आहेत आणि दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्तही आहे. हेतू समजून घ्यायला आत्मवृत्त, तारखांसाठी वृत्तपत्रं आणि सरकारी कागद, अशी वाटणी केली की काम सोपं होतं. आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला, म्हणजे अकरा दिवसांनी. दोघेही तिथेच कोसळून मेलेले दाखवले तर ते वेळेचं आकुंचन. त्या अकरा दिवसांतला शहरावरचा दाब त्यामुळे कथेतून गळतो, हे प्रतिसादात लिहिण्याजोगं.

एका मुद्द्याला एकमेकांपासून स्वतंत्र असलेली दोन साधनं हवीत. दुसऱ्या पुस्तकाने पहिल्यावरूनच उतरवलं असेल तर ते एकच साधन. तळटीपा पाहिल्या की हे पाच मिनिटांत कळतं. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर बरेच कागद घरबसल्या पाहता येतात. जुन्या वृत्तपत्रांत शोधताना घटनेच्या दिवसापुरतं थांबू नका, पुढचे आठ-दहा दिवसही चाळा. पहिल्या बातमीत मृतांचा आकडा आणि हल्लेखोरांची संख्या हमखास चुकलेली असते.

बदलाचं वजन

आता नोंदी तीन ढिगांत टाका. पहिल्यात ज्याने समजुतीत काही फरक पडत नाही ते: गणवेश, वाहनं, जागा. दुसऱ्यात कथा पुढे नेण्यासाठी केलेले बदल: तीन बैठकींची एक बैठक, चार अधिकाऱ्यांचा एक अधिकारी, तीन महिन्यांचे तीन दिवस. तिसऱ्यात श्रेय, दोष, हेतू किंवा बळींची ओळख बदलणारे.

ढीग ठरवताना पहिल्या वेळी लिहिलेल्या त्या चार ओळी काढा. ज्या माणसाचा राग आला होता त्याने ते कृत्य खरंच केलं होतं का? ज्याचा आदर वाटला ते काम त्याचंच होतं का? उत्तर "नाही" आलं तर तो बदल तिसऱ्या ढिगात, मग पडद्यावर तो पाच सेकंदांचा का असेना. 'आर्गो'मध्ये ब्रिटिश आणि न्यूझीलंडच्या वकिलातींनी त्या सहा जणांना दारातून परत पाठवलं, असं एका वाक्यात सांगितलं जातं. प्रत्यक्षात दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी जोखीम पत्करून मदत केली होती. धावपट्टीवरचा पाठलाग कितीतरी मिनिटांचा आणि संपूर्ण खोटा, तरी त्याने कुणाचं नाव खराब झालं नाही. त्या एका वाक्याने झालं. न्यूझीलंडच्या संसदेने २०१३ मध्ये त्याबद्दल ठराव केला तो म्हणूनच. 'यू-५७१' वरून तर ब्रिटनच्या पंतप्रधानांना संसदेत बोलावं लागलं, आणि पटकथाकाराने पुढे जाहीरपणे खंत व्यक्त केली. प्रेक्षकांच्या नेमक्या तक्रारीत जोर असतो. 'जेएफके' नंतर उसळलेल्या चर्चेमुळे अमेरिकेत १९९२ मध्ये हत्येची कागदपत्रं खुली करण्याचा कायदा झाला. तो चित्रपट स्वतः तपशिलांत कितीही सैल असला तरी हेही त्याच्या खात्यावर लिहावं लागतं.

लिहायला बसताना

पाचशे ते सातशे शब्द पुरे. पहिल्या परिच्छेदात चित्रपट म्हणून कसा आहे ते सांगा, आणि इतिहासाशी त्याची गल्लत करू नका. अचूक चित्रपट कंटाळवाणा असू शकतो आणि चुकांनी भरलेला खिळवून ठेवू शकतो. मग तिसऱ्या ढिगातले दोन किंवा तीन मुद्दे, प्रत्येकी एक परिच्छेद. दुसऱ्या ढिगासाठी एक परिच्छेद. जे बरोबर दाखवलं आहे त्यासाठीही एक, आणि हा टाळू नका. कपडेपट, बोली, कार्यालयातले कागद यांवर कुणीतरी महिनोन्‌महिने राबलेलं असतं, शिवाय वाचकाला विश्वास कुठे ठेवायचा तेही कळायला हवं.

मुद्दा मांडताना क्रम असा: पडद्यावर काय, नोंदीत काय, नोंद कुठली, फरकाने काय झालं. नमुना पाहा (नोंद कुठली ते इथे गाळलं आहे):

"शेवटी सशस्त्र गाड्या विमानाचा पाठलाग करतात. प्रत्यक्षात सहाही जण तपासणीतून विनाअडथळा गेले. विमानाला झालेला उशीर बिघाडामुळे होता. हा बदल ताणासाठी केला आहे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे कॅनडाचे राजदूत केन टेलर यांचा वाटा यजमानापुरता उरतो आणि त्यांचे सहकारी जॉन शिअरडाउन, ज्यांच्या घरी काही जण राहिले होते, ते चित्रपटात दिसतच नाहीत."

यात एकही जळजळीत विशेषण नाही, तरी तक्रार पोचते.

काही शब्द टाळा. "जाणूनबुजून", "अजेंडा", "विकले गेलेले" हे हेतूचे आरोप आहेत आणि हेतूचा पुरावा तुमच्याकडे नसतो. "दिग्दर्शकाने लपवलं" ऐवजी "चित्रपटात येत नाही" लिहा. "इतिहासकारांच्या मते" असं मोघम नको, कोणते इतिहासकार ते सांगा. हयात व्यक्तीबद्दल, किंवा ज्यांचे नातेवाईक हयात आहेत अशा गुन्ह्यातल्या माणसांबद्दल, न्यायालयात सिद्ध झालं तेवढंच लिहा. एखादं दृश्य चौकट कापून चिकटवू नका. आधीची आणि नंतरची चौकट नसेल तर भलताच अर्थ निघतो. रहस्य उघड होणार असेल तर त्या परिच्छेदाच्या वर तशी सूचना द्या. इतिहास सर्वांना ठाऊक असला तरी पटकथेतला फितूर कोण हे ठाऊक नसतं.

उत्तरं येतील तेव्हा

"चित्रपट आहे, माहितीपट नाही" हे पहिलं उत्तर ठरलेलं. त्यावर भांडू नका, ते खरंच आहे. सुरुवातीची सूचना उद्धृत करा, दुसऱ्या ढिगाला तुम्ही सूट दिली आहे हे दाखवा, आणि चर्चा तिसऱ्या ढिगावर आणा. "त्या काळी असं कुणी बोलत नसे" या आक्षेपात तथ्य असतं, पण आज कळेल अशी भाषा वापरणं ही प्रेक्षकाची गरज आहे. शब्द नवा असणं चालेल, विचार दोनशे वर्षं पुढचा असेल तर तो मुद्दा घ्या.

सर्वांत अवघड आक्षेप आपल्या माणसांचा असतो. आपल्या आवडत्या वीराला दिलेलं जादा श्रेय कुणाला खटकत नाही, काढून घेतलेलं लगेच खटकतं. दोन्हींना एकच माप लावा. आपल्या बाजूचा पराक्रम फुगवलेला दिसला तर तोही तितक्याच स्पष्टपणे नोंदवा, नाहीतर उरलेल्या नऊ बरोबर मुद्द्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

कुणी अधिक जवळचं साधन दाखवलं तर ते स्वतः उघडून वाचा, पान पाहा, आणि पटलं तर मूळ मजकूर न पुसता त्याखाली दुरुस्ती लिहा: तारीख, काय बदललं, कशाच्या आधाराने. ज्याने साधन दाखवलं त्याचे आभार तिथेच माना.